एकशे बारावा तुकडा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक रीत आहे. काम झालं की पहिली फेरी मेकॅनिकनं स्वतः मारायची. दोर बदललेला असो नाहीतर नुसता दिवा, आधी आपण एकट्यानं वरपर्यंत जायचं, खाली यायचं, आणि मगच लोकांना आत घ्यायचं. बत्तीस वर्षं मी ही रीत पाळली आणि चारचौघांत ती मिरवलीसुद्धा. म्हणून पुढचं सांगताना मला जास्तच लाज वाटते.

घरामागच्या शेडमध्ये मी विमान बांधत होतो. लाकडी सांगाड्याचं, कापडानं मढवलेलं, दोन सीटचं खरंखुरं विमान. तेरा वर्षं लागली. गल्लीतले लोक मला 'पायलट' म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणत नव्हते हे कळण्याइतकी अक्कल मला होती. कुणी भेटलं की ठरलेला प्रश्न, "काय पायलट, कधी उडताय?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." मग तो म्हणायचा, "तोवर बसनं जाऊ ना?" तेरा वर्षं हाच विनोद. मी चिडायचो, आणि मी चिडतो म्हणून ते करायचे.

लाकडाचं विमान म्हणजे निम्मं लाकूड आणि निम्मा ग्लू. हा ग्लू दोन डब्यांतून येतो. दोन्ही डब्यांतलं द्रव्य ठरलेल्या वजनानं घेऊन कालवायचं, तासाभरात वापरून संपवायचं, आणि पुढचे आठ तास शेड उबदार ठेवायची. थंडी लागली तर ग्लू वरून कडक दिसतो पण आतून धरत नाही. हे बाहेरून कुणालाच ओळखू येत नाही, म्हणून एक नियम असतो. दर वेळी ग्लू कालवला की त्यातल्याच ग्लूनं लाकडाचे दोन छोटे तुकडे एकमेकांना चिकटवायचे, त्यावर नंबर आणि तारीख घालायची आणि दुसऱ्या दिवशी ते शिकंज्यात धरून हातोडीनं फोडायचे. लाकूड फाटलं तर ग्लू चांगला. लाकूड शाबूत राहून जोडच उघडला तर ग्लू वाईट, आणि त्या ग्लूनं जे काही चिकटवलं असेल ते फेकून द्यायचं. यात सूट नाही. फोडलेले तुकडे जपून ठेवायचे, कारण शेवटी तपासनीस ते मागतो.

माझ्याकडे असे तीनशे चार तुकडे होते, बिस्किटांच्या तीन मोठ्या डब्यांत. त्यातला एकशे बारावा खोटा होता.

ग्लू मोजायचं काम माझी बायको करायची. मी तिला सांगितलं नव्हतं, तिनंच ते घेतलं होतं. ती हॉस्पिटलच्या औषधांच्या खोलीत नोकरीला. मलमं कालवणं, लहान मुलांच्या पुड्या बांधणं, चिमूटभर औषधाचं वजन करणं हे तिचं रोजचं काम. सगळ्या खोलीत तिच्याइतका अचूक हात कुणाचा नाही, असं तिच्या मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्य, स्वतः म्हणायच्या. माझं मोजणं बघून ती एकदा हसली होती. "अहो, हा ग्लू आहे की आमटी? अंदाजानं काय ओतताय?" दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा छोटा तराजू घेऊन शेडमध्ये आली. तेव्हापासून पाच वर्षं, एकशे बाराव्या तुकड्यापर्यंत, तीच मोजत होती. ग्लूच्या नोंदवहीत प्रत्येक नंबरसमोर 'कुणी मोजलं' असा रकाना असतो. त्यात तिची सही असायची, बारीक आणि सरळ.

एकशे बारावा ग्लू डाव्या पंखाच्या कण्याचा. कणा म्हणजे पंखाच्या पोटातून आडवी जाणारी मुख्य तुळई. सगळा पंख तिच्यावर तोललेला असतो. पाच महिने मी तिच्या पट्ट्या रंधून तयार केल्या होत्या. हिवाळ्यातली दुपार होती. तिनं ग्लू मोजून दिला, मी कणा चिकटवला, सगळीकडून आवळून घेतला आणि हीटर लावला. ती तिच्या ड्यूटीला गेली. मी आठ तास हीटरपाशी बसायचं होतं, कारण लाकडाच्या भुशात हीटर लावून सोडून जाता येत नाही.

आणि त्या दिवशी आमच्या फ्लाइंग क्लबमध्ये एक निवृत्त कॅप्टन भाषणाला आले होते. मोठी विमानं चालवलेला माणूस. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. खरं सांगायचं तर बोलायचंही नव्हतं, त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा होता. तासाभरात येतो म्हणून मी हीटर बंद केला आणि गेलो. भाषण लांबलं, मग चहा झाला, मग फोटो. परत आलो तेव्हा सहा तास उलटून गेले होते आणि शेडमध्ये तोंडातून वाफ निघत होती. मी घाईनं हीटर लावला. वहीत लिहिलं, 'आठ तास थांबलो. ऊब व्यवस्थित.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा शिकंज्यात धरला आणि हातोडी मारली. जोड सरळ उघडला. दोन्ही बाजूंचं लाकूड स्वच्छ, जणू कधी चिकटलंच नव्हतं. बायको शेजारी उभी होती. मुलगी शाळेचं दप्तर पाठीला लावून दारात होती, तेव्हा ती सोळा वर्षांची.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. तरी माझ्या तोंडून काय निघालं? "दोन वाट्या धड मोजता येत नाहीत तुला? हॉस्पिटलात काय लोकांना विष देतेस? चल, बाहेर हो इथून."

तिच्या कपाळाला आठी नाही, डोळ्यांत पाणी नाही. तिनं फक्त तुकड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. तराजू उचलला आणि घरात गेली. त्यानंतर आठ वर्षं तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

कणा मी फेकला नाही. पाच महिन्यांची मेहनत होती. मी स्वतःला सांगितलं की तुकडा छोटा, त्याला थंडी जास्त लागली. कणा जाड, तो धरला असेल. त्यावर बसून पाहिलं, मोडला नाही. मग एका चांगल्या ग्लूचा जास्तीचा तुकडा फोडला, त्यावर एकशे बारा नंबर घातला, जुनीच तारीख लिहिली आणि डब्यात टाकला. खरा तुकडा माझ्या कामाच्या पिशवीत, पान्यांच्या खाली लपवला. तो फेकून का दिला नाही हे मला आजही नीट सांगता येत नाही.

महिन्याभरात बायकोनं औषधं मोजण्याचं काम सोडलं. मोठ्या बाईंना सांगून लेबलांच्या टेबलावर बदली मागून घेतली. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढंच. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "डोळ्यांना त्रास होतो." घरात ती सगळं दोनदा मोजायला लागली. पीठ दोनदा, साखर दोनदा. विमानाचं कापड शिवायचं काम तिनं केलं, पण घरात बसून, माझ्याकडून मापं लिहून घेऊन, आणि प्रत्येक माप तीनतीनदा विचारून. मी वैतागून ओरडायचो, "अगं, किती वेळा सांगू?" माझ्या तोंडाला लगाम तेव्हाही नव्हता.

मला सगळं दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. आठ वर्षांत ते वाक्य मी बोललो नाही.

मुलीला मात्र विमानाचं वेड लागलं, ते माझ्यामुळेच. ती क्लबमध्ये उडायला शिकली, लायसन्स मिळवलं, आणि आता चोवीस वर्षांची असताना तिथेच नवख्यांना शिकवते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे ठोके तपासून मान हलवली आणि मी क्लबमध्ये शिकून मिळवलेलं उडण्याचं लायसन्स गेलं. जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, तोंड का पाडून बसलास? मी आहे ना. पहिलं उड्डाण मी करते." मी म्हटलं, "बरं." बायको म्हणाली, "जपून गं." त्या दिवसापासून मी कामाची पिशवी उचलली की ती मला जड लागायची.

वाचणारा म्हणेल, मग तेव्हा तरी सांगायचं. रोज ठरवत होतो. रोज वाटायचं, उद्या. आणि खोटं काय बोलू, कुठेतरी आत अशीही आशा होती की कणा धरला असेल, विमान उडेल, आणि मला कधीच काही सांगावं लागणार नाही. माझी पोरगी त्यात बसणार होती आणि मी माझी अब्रू वाचण्याची आशा करत होतो.

त्या रविवारी सकाळी क्लबचे तपासनीस आले. खिशात कायम भिंग असतं म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. शेवटची तपासणी होती. त्यांची सही झाली की पुढच्या शनिवारी उड्डाण. मुलगी सकाळपासून शेड झाडत होती. तिनं हट्टानं आईलाही ओढून आणलं. "आई, आज तरी ये. दुसरी सीट तुझी आहे, बघ तरी." बायको आली. दारात चपला काढल्या, शेडमध्ये कुणी काढत नाही तरी काढल्या, आणि भिंतीला लागून उभी राहिली.

भिंगवाल्यांनी इंजिन पाहिलं, तारा पाहिल्या, शिवण पाहिली. "शिवण कुणाची? सुरेख आहे," म्हणाले. बायको ओशाळून हसली. मग ते डबे उघडून बसले आणि वहीतल्या नंबरांप्रमाणे मुख्य भागांचे तुकडे काढायला लागले. त्यांनी एकशे बारा काढला, भिंगाखाली धरला, उलटसुलट केला. "छान फाटलंय. कण्याला असाच ग्लू हवा." माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुझ्यासारखं कागदोपत्री चोख काम मी दहा वर्षांत पाहिलं नाही." मी मान हलवली. हो, हलवली.

"आणि मोजलंय वहिनींनी," ते वहीवरची सही दाखवत म्हणाले.

बायको एक पाऊल पुढे आली. "एकशे बारा?" ती म्हणाली. "नाही हो, तो तर माझ्याकडून बिघडला होता. जोडातून उघडला होता. यांनी तो कणा टाकून नवा केला."

तिला वाटत होतं मी नवा केला. अर्थात वाटणारच. कुठलाही माणूस तेच करेल, असं तिनं धरलं होतं.

भिंगवाल्यांनी वहीची पानं पुढे उलटली, मागे उलटली. "नव्या कण्याची नोंद नाही," ते म्हणाले.

"लिहायची राहिली असेल," मुलगी म्हणाली. "बाबा विसरतो. हो ना, बाबा?"

तिनं माझ्यासाठी सुटकेचं दार उघडून धरलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. ती माझ्याकडे बघत होती, हसत होती, तिच्या गालाला शेडमधली धूळ लागली होती. मी कोपऱ्यातली पिशवी उचलली, पाने बाजूला केले आणि तुकडा काढून टेबलावर ठेवला. दोन स्वच्छ पट्ट्या, दोन्हींवर माझ्याच अक्षरात एकशे बारा.

"नवा केला नाही," मी म्हटलं. "तोच कणा आत आहे. डब्यातला तुकडा मी बदलला."

बायको हळूच म्हणाली, "माझं चुकलंच होतं. पण तुम्ही पोरीला त्यात बसवणार होता?"

माझं चुकलंच होतं, असं ती म्हणाली. अजूनही. आणि मी गप्प राहिलो. निम्मं पाप कबूल केलं होतं, तेवढ्यावर भागेल असं मला क्षणभर खरंच वाटलं. पुढचं मी आपणहून सांगितलं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण तसं झालं नाही. माझी नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि मुलीनं ती पकडली. कॅप्टन, शेजारी मी दात काढून उभा, मागच्या रांगेत भिंगवाले, आणि खाली क्लबनं छापलेली तारीख. मुलीनं फोटो पाहिला, मग तुकड्यावरची तारीख, मग वही.

"'आठ तास थांबलो,'" तिनं वाचलं. "बाबा, तू इथे नव्हतासच."

"हीटर बंद करून गेलो होतो," मी म्हटलं. "आईचं मोजणं बरोबर होतं. ग्लू थंडीनं बिघडला. मला त्याच दिवशी माहीत होतं."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, तसं वाटत होतं. पण शेडची जमीन पक्क्या सिमेंटची, मीच घातलेली.

मुलीनं घरातून आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि डाव्या पंखाची शिवण उसवायला लागली. मी पुढे झालो तर म्हणाली, "हात लावू नकोस." कापड बाजूला केल्यावर भिंगवाल्यांनी खिशातलं पातळ पातं काढलं, कण्याच्या जोडावर ठेवलं आणि हलकेच दाबलं. पातं आत गेलं. काही जोर लागला नाही. त्यांनी ते बाहेर काढून पुसलं, वही मिटली आणि सही न करता निघाले. दारात थांबून मुलीला म्हणाले, "पहिल्या वळणालाच पंख निखळला असता."

मुलगी तोंड धुवायला निघून गेली. बायको टेबलापाशी उभी होती. तिनं तुकडा उचलला आणि रुमालात बांधला.

"उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला," ती म्हणाली.

"कशाला?"

"मोठ्या बाईंना सांगायला. मला जे सांगितलंत ते."

सोमवारी सकाळी आम्ही दोघं लिफ्टमध्ये उभे होतो. ती लिफ्ट माझ्याच देखभालीतली, दर महिन्याला मी तिथे जातो. लिफ्टमन ओळखीचा, म्हणाला, "काय पायलट, आज जोडीनं?" मी हसल्यासारखं केलं. तिसरा मजला यायला इतका वेळ लागतो हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

मोठ्या बाई निवृत्तीला आलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहून सगळं सांगितलं. हीटर, फोटो, तुकडा, आणि मी काय ओरडलो होतो तेही, शब्द न बदलता. 'लोकांना विष देतेस?' हे वाक्य त्या खोलीत, औषधांच्या बाटल्यांमध्ये उभं राहून बोलताना माझी जीभ अडखळली. आजूबाजूच्या चौघीजणी काम थांबवून ऐकत होत्या.

मोठ्या बाईंनी बायकोकडे पाहिलं. "तू तर म्हणाली होतीस, हात थरथरतो."

"थरथरायला लागला होता," बायको म्हणाली. "त्यानंतर."

"आणि ते तुला असं बोलले, हे कधी का नाही सांगितलंस?"

"त्यांचं नाव खराब झालं असतं. त्यांचं इथे येणंजाणं असतं."

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "दर महिन्याला येता तुम्ही. काम झालं की त्या लेबलांच्या टेबलाशी बसवून ही तुम्हाला चहा देते. मी बघते ना. आठ वर्षं त्या टेबलाशी बसून चहा पिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

वाटत होतं, असं म्हणणार होतो. पण त्याचा काय उपयोग होता? वाटून मी चहा पीत होतो.

मोठ्या बाई उठल्या. आतल्या खोलीत काचेच्या पेटीतला तराजू होता, त्यावरचं कापड त्यांनी काढलं. एक चिठ्ठी बायकोच्या हातात दिली. "लहान मुलांच्या वॉर्डाची आहे. दहा पुड्या. बघ, जमतंय का."

बायकोनं हात धुतले, कोट घातला. मी नकळत तिच्या मागे दोन पावलं गेलो. ती वळली. आवाज चढवला नाही, चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली.

मी बाहेर थांबलो. दाराला काच होती, तिच्यातून दिसत होतं. तिनं चिमट्यानं भुकटी घेतली, पारड्यात टाकली, काटा डोलला आणि स्थिर झाला. भुकटी कागदावर घेऊन तिनं पुडी बांधली आणि बाजूला ठेवली. आता ती पुडी पुन्हा उघडेल, पुन्हा मोजेल, म्हणून मी काचेला नाक लावून बघत होतो. आठ वर्षं मी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

तिनं दुसरी पुडी घेतली. मग तिसरी. एकही परत मोजली नाही.